साक्षीसाठी सोडलेल्या गोळ्या

मला टीबी दोनदा झाला. पहिला कुठून आला ते माहीत नाही. वर्गातून आला असेल, एसटीत शेजारी बसलेल्या कुणाच्या खोकल्यातून आला असेल. दुसरा मात्र मी स्वतःच्या हातानं करून घेतला, आणि तोही देवाचं नाव घेऊन. आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजून लोक म्हणतात, ‘मास्तरांना प्रभूनं दोनदा वाचवलं.’ ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्यांदा वाचवायची वेळ कुणी आणली, हे कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो. ज्यांच्या घरात आज गोळ्यांची पाकिटं आहेत त्यांनी तरी हे नीट वाचावं.

छातीचा फोटो

मी झरीला प्राथमिक शाळेत शिक्षक. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर. रविवारी मुलांचा वर्ग मीच घ्यायचो. विश्वास आणि आज्ञापालन, हे दोन शब्द माझ्या तोंडात कायम. इतके की पोरं माझी नक्कल करायची.

तीन महिने खोकत होतो. खडूची धूळ, थंडी, विहिरीचं पाणी, कारणं पुष्कळ होती. माझी बायको सुलोचना रोज आल्याचा काढा द्यायची आणि मी रोज बरं वाटल्याचं सोंग करायचो. एक दिवस वर्गात सातचा पाढा म्हणून घेताना उबळ आली आणि रुमालावर लाल ठिपका दिसला. रुमाल खिशात घातला आणि पाढा पुढे चालू ठेवला. पोरांना काही कळलं नाही.

परभणीला मला उत्तम घेऊन गेला. माझे आणि त्याचे आजोबा सख्खे भाऊ. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, त्याच्या घरानं छप्पन्न साली बुद्धधम्म घेतला. नामांतराच्या दंगलीत दोन्ही घरांची छपरं सारखीच जळाली. जाळणाऱ्यांनी कुणाचा धर्म विचारला नाही. उत्तम परभणीत कारकून होता, मोर्चात पुढे असायचा आणि देवाधर्मावरून माझी टिंगल करण्यात त्याला मोठा आनंद वाटायचा.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीकडे धरला. मग म्हणाले, “मास्तर, टीबी आहे. दोन महिने रोज सुई, दीड वर्ष गोळ्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. कळलं ना? बरं वाटलं तरी.”

मी मान हलवली. मला फक्त ‘टीबी’ ऐकू आलं होतं. बसस्टँडवर बाकावर बसलो आणि चक्क रडलो, पस्तीस वर्षांचा माणूस. लहानपणी आमच्या वस्तीतला एकजण याच रोगानं गेला होता; त्याचं अंथरूण गावाबाहेर नेऊन जाळलेलं मी पाहिलं होतं.

“मेला न्हाईस अजून,” उत्तम म्हणाला. “तोंड धू. म्हातारीला असं तोंड दाखवू नको.”

आईला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत. “इलाज हाय ना?” तिनं विचारलं. आहे म्हणालो. “मंग झालं तर,” ती म्हणाली. ज्वारीतले खडे मात्र त्या दिवशी तसेच राहिले. भाकरी खाताना सगळ्यांच्या दाताखाली येत होते.

वेगळा गिलास

आता जे सांगतो ते आमच्या बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल.

महिन्यातून एकदा आमचे पाद्री, पाळकसाहेब, परभणीहून यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. काळ्या मनुका भिजवून पिळलेलं पाणी एका मोठ्या प्याल्यात भरायचं आणि तो प्याला सगळ्या मंडळीनं ओठाला लावायचा. म्हातारे, बाया, माणसं, सगळ्यांनी. माझ्या आजोबांच्या काळी गावातल्या हॉटेलात आमच्यासाठी कपबशी बाहेर आढ्याला टांगलेली असायची. आपणच काढायची, आपणच धुवायची. अशा माणसाला एका पाद्र्यानं आपल्या तोंडचा प्याला दिला. आजोबांना शास्त्रातलं काही वाचता येत नव्हतं. ते त्या प्याल्यापायी ख्रिस्ती झाले. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

माझा आजार कळल्यावर पहिल्याच प्रभुभोजनाला येशुदासकाका प्याल्यासोबत एक स्टीलचा गिलास घेऊन आले. काका आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांत मुख्य. मोठ्या आवाजाचे, नियमाचे पक्के, मनानं वाईट नव्हेत. त्यांनी गिलास माझ्यापुढे ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तुमच्यासाठी येगळा. लेकराबाळांचं बघावं लागतंय, मास्तर. राग मानू नका.”

त्यांचं सगळंच चुकलं होतं असं मी आज म्हणणार नाही. माणसं घाबरली होती. पण कुणी एकानं घरी येऊन आधी मला सांगितलं असतं, तर मीच प्याला नाकारला असता. चाळीस लोकांसमोर तो गिलास पुढे आला आणि माझे कान तापले. प्यालो. अर्धा गिलास तसाच राहिला.

तेव्हा बायांच्या बाजूनं आई उठली. आली, माझ्या हातातला गिलास घेतला आणि उरलेलं पाणी सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसून म्हणाली, “मह्या सासऱ्यानं येगळ्या कपापायी गावाचा देव सोडला. आता या देवाच्या घरात बी येगळा गिलास व्हय? मला मह्या लेकराचं उष्टं चालतंय.”

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. पुढच्या महिन्यात गिलास पुन्हा आला. आई पुन्हा उठली. असं पाच महिने चाललं.

उत्तमला हे कळलं तेव्हा तो हसला नाही, याचंच मला जास्त लागलं. “तुमी देव बदलला,” तो म्हणाला, “कपबशीचं आढं तेवढं संगं घेऊन आलात.”

साक्ष

पाच महिन्यांत खोकला गेला. चेहरा भरला. नर्सबाईंच्या सुया केव्हाच संपल्या होत्या, गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी पोटात सारखं ढवळायचं, पण शाळेत रुजू झालो होतो आणि पोरं पुन्हा नक्कल करू लागली होती.

सुगी झाल्यावर आमच्याकडे तीन दिवसांची संजीवन सभा असते. मांडव पडतो, आसपासच्या गावांतून लोक येतात, भजनं होतात, आणि ज्यांच्या आयुष्यात देवानं काही केलं ते उभं राहून सांगतात. त्याला साक्ष म्हणतात. साक्ष म्हणजे शपथच. एकदा दिली की ती माणसाच्या नावाला कायमची चिकटते.

पाळकसाहेब म्हणाले, “मास्तर, प्रभूनं तुमच्यासाठी एवढं केलं. लोकांना सांगणार नाही?”

येशुदासकाका शेजारीच होते. म्हणाले, “तुमी साक्ष द्या, मास्तर. येत्या प्रभुभोजनाला गिलास न्हाई. मीच उचलून ठेवतो.”

हे वाक्य नसतं तर मी काय केलं असतं? खूपदा विचार केला आहे. मांडवात उभा राहिलो तेव्हा मनात एवढंच सांगायचं होतं, की बरं वाटतंय, उपचार चालू आहेत, प्रार्थना करत राहा. समोर दोनशे माणसं. बायांमध्ये आई. आणि माझ्या तोंडून निघालं, “प्रभूनं मला पूर्ण बरं केलं आहे.”

‘पूर्ण’ हा शब्द मी ठरवला नव्हता. पण तो निघाला आणि मांडव गर्जला. हालेलुया, हालेलुया. मला उचलून धरल्यासारखं वाटलं. खोटं बोलताना इतकं पवित्र वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या प्रभुभोजनाला मोठा प्याला माझ्या हातात आला. आई पदर डोळ्याला लावून बसली होती. त्याच आठवड्यात येशुदासकाका घरी आले आणि फळीवरचं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या नजरेला पडलं.

“अजून खायलाय?” त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरोखर गोंधळून. “मंग मांडवात काय सांगितलं?”

गोळ्या सोडा असं ते म्हणाले नाहीत. पाळकसाहेबही कधी म्हणाले नाहीत. मला कुणीच सांगितलं नाही. दोष कुणावर ढकलायचा म्हटलं तर हाताला काही लागत नाही, आणि हेच मला सगळ्यात कडू वाटतं.

सुलोचना म्हणाली पाकीट पेटीत ठेवू. आई म्हणाली, “खा की गपचूप, शांतवन. कोण बघायलाय?”

“देव बघतो, आई.”

“बघतो ना? मंग त्याला कळतंय तुला गोळी लागतीया म्हणून.”

एवढं सरळ बोलणं मला समजलं नाही. चोरून गोळ्या खाणं मला ढोंग वाटलं. भर मांडवात दिलेली खोटी साक्ष ढोंग वाटली नाही. मी ती साक्ष खरी करून दाखवायला निघालो होतो. विश्वास म्हणजे काय ते सगळ्या झरीला कळू दे, असं मनात होतं. दोघींसमोर पाकीट चुलीत टाकलं. त्या रविवारी मुलांना मी बायबलमधल्या एका कुष्ठरोगी सरदाराची गोष्ट सांगितली. संदेष्ट्यानं त्याला नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितलं, आणि सातही मारल्या तेव्हाच तो शुद्ध झाला. गोष्ट अगदी रंगवून सांगितली. मी स्वतः दुसऱ्या बुडीनंतर काठावर येऊन अंग पुसत होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लपवलेला खोकला

गोळ्या सोडल्यावर मला आणखी बरं वाटू लागलं. ढवळणं थांबलं, भूक लागली. हा आजार असाच दगा देतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. सात-आठ महिने मी रुबाबात फिरलो. प्याला घेतला, प्रार्थना चालवली, दोन आजारी घरांत जाऊन माझा दाखलाही दिला. त्या दोन घरांनी माझं ऐकलं नाही, ही देवाची माझ्यावर मोठी मेहेरबानी.

मग ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग मोडायचं. खोकला आला तेव्हा मी ओळखला, पण जाहीर कसा करणार? साक्ष दिलेल्या माणसाला टीबी होत नसतो. मी शाळेच्या मागं जाऊन खोकायचो.

घरात आणखी कुणी खोकतं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. आई शेण्या थापायच्या निमित्तानं पहाटेच मागच्या बाजूला जायची आणि तिथं खोकून यायची. एकदा सुलोचनानं तिला भिंतीला धरून उभी असलेली पाहिलं. तेव्हा आई तिला म्हणाली, “कुणाला सांगू नको, पोरी. लोक म्हणतील, बघा, उष्टं पिली आन् रोग घेतला. मह्या लेकराचा गिलास पुन्ना काढतील.”

सुलोचनानं सांगितलं नाही. घरातली तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती.

गिलासानं असं होत नाही, हे पुढे डॉक्टरांनी मला सांगितलं. हा रोग श्वासातून जातो. गोळ्या नीट चालू असत्या तर माझ्यापासून तिला धोका जवळजवळ नव्हता. एकाच खोलीत झोपून, गोळ्या सोडून, वर्षभर मी तिच्या दिशेनं श्वास सोडला होता. ती प्यायली तो गिलास निर्दोष होता.

शेवटी मी शाळेत फळ्यापुढे कोसळलो आणि सगळं उघडं पडलं. उत्तम जीप घेऊन आला. आत मला आडवं केलं, आणि आई मला टेकू द्यायला म्हणून आत चढली तेव्हा तिचं हलकं झालेलं अंग पाहून तो माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडाची चालणारी गिरणी बंद पडलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली.

वॉर्ड

मी पुरुषांच्या वॉर्डात, आई बायांच्या. मध्ये एक व्हरांडा. आमची मुलं सुलोचनाच्या माहेरी सेलूला पाठवली. डॉक्टर तेच. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

“गोळ्या कुणी बंद केल्या?”

“मीच.”

“शिक्षक ना तुम्ही?” एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वॉर्डाचा दिवस ठरलेला. सकाळी थुंकीच्या डब्या, मग सुई, मग उपाशीपोटी मूठभर गोळ्या. त्यातली एक लाल. तिनं लघवी केशरी व्हायची आणि नवा पेशंट ते पाहून ओरडायचा. मग सगळा वॉर्ड हसायचा. सुईनं माझ्या डाव्या कानात भुंगा बसला, तो अजून आहे. त्या कानानं आता भजन ऐकू येत नाही.

शेजारच्या खाटेवर जिंतूरकडचे एक पाटील होते. घरच्यांनी त्यांचं ताट-वाटी गोठ्यात ठेवलं होतं. एक दिवस माझ्या तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन ते म्हणाले, “मास्तर, तुमची जात म्हाईत हाय मला. आमच्या वाड्यात तुमच्या लोकायला वरून पाणी वाढायचे. आता मला बी वरूनच वाढायलेत.” आणि इतके हसले की खोकल्यानं बेजार झाले. त्या माणसानं मला जेवढं बरं केलं तेवढं कुठल्या प्रवचनानं केलं नाही.

रोज दुपारी मी व्हरांड्यातून आईकडे जायचो. ती बहुतेक तापाच्या गुंगीत असायची. अकराव्या दिवशी शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, “तुही साक्ष खोटी हाय हे मला तवाच कळालं व्हतं. पर तुला सगळ्यायच्या संगं पिताना बघायचं व्हतं रे. म्हणून मी बी गप बसले.”

“तू गोळ्या खा म्हणाली होतीस, आई.”

“लई जोरात न्हाई म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुईवाली बाई माझ्या खाटेपाशी असतानाच निरोप आला.

दफनाला मला सुट्टी मिळाली, तोंडाला रुमाल बांधून. खड्ड्याच्या काठाशी येशुदासकाका म्हणाले, “देवाची इच्छा.” मला ओरडायचं होतं, की देवाला यात ओढू नका, ही इच्छा माझी होती, थोडी तुमचीही होती. पण बोलायला गेलो तर उबळ आली आणि लोक दोन पावलं मागं सरले. मी तसाच परत वॉर्डात आलो.

बोलणं बंद

पुढचं वर्षभर देवाशी माझं बोलणं बंद होतं. खोटं सांगत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की आई भिंत धरून उभी दिसायची. पाळकसाहेब यायचे, फळं ठेवून जायचे. मी भिंतीकडे तोंड करायचो. घरी आल्यावरही रविवारी मंदिराच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचो.

गोळी मात्र एकही चुकवली नाही. ढवळायचं, ओकारी यायची, पुन्हा घ्यायचो. त्यात विश्वास नव्हता, आनंद तर नव्हताच. नुसतं सांगितलेलं करत होतो. आज मागे पाहतो तेव्हा वाटतं, सबंध आयुष्यात देवाची आज्ञा मी पाळली ती त्याच वर्षी, त्याच्यावर रुसलेला असताना. त्याआधी वीस वर्षं मी आज्ञापालनावर नुसता बोलत होतो.

थुंकी साफ निघाली, डॉक्टरांनी गोळ्या संपल्याचं लिहून दिलं, आणि पाळकसाहेब पुन्हा आले. साक्ष द्याल का? या वेळी त्यांनी हळूच विचारलं.

दिली. मंदिरात उभं राहून सांगितलं, “मागच्या वेळी मी बरा झालो नव्हतो. गिलास बंद व्हावा म्हणून खोटं बोललो आणि त्या खोट्यासाठी गोळ्या सोडल्या. माझ्यामुळं आई गेली. कुणाला खोकला असेल तर प्रार्थना करा आणि परभणीची एसटी धरा. दोन्ही करा.”

कुणी हालेलुया म्हटलं नाही. सुलोचना मान खाली घालून रडत होती. पाळकसाहेबांनी गीत निवडायला बराच वेळ लावला. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. घरी येऊन झोपलो.

रोज सकाळी

चार दिवसांनी येशुदासकाका आले. आत येईनात. अंगणातच, माझ्यापासून लांब, पागोट्याचं टोक तोंडावर धरून उभे.

“मला बी तीन महिन्यांपासून खोकला हाय, मास्तर. थुंकीत लाल दिसायलंय. कुणाला बोलू नका. मला येगळं बसवतील.”

खरं सांगतो, पहिल्यांदा बरं वाटलं. अगदी पोटातून. आता कळेल, असं मनात आलं. मग आठवलं, की आजारी असताना मी वर्षभर प्रार्थनेला त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत होतो. माझ्यापासूनच लागला असणार. मला हसताही येईना आणि रडताही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना परभणीला घेऊन गेलो. बसमध्ये त्यांच्या शेजारीच बसलो. फोटो निघाला, गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांत त्यांची सून सांगत आली, मामंजी गोळ्या उशाखाली ठेवतात, गिळत नाहीत.

तेव्हापासून शाळेला जाण्याआधी मी रोज त्यांच्या घरी जातो. गोळ्या हातावर देतो, पाणी देतो, गिळेपर्यंत समोर बसतो, मग तोंड उघडायला लावून बघतो. त्यांच्या घरातला चहा त्यांच्याच भांड्यातून पितो. मंडळीत लोक याला प्रेम म्हणतात. लोकांना काय, काहीही म्हणतात. काही सकाळी मला त्यांचं तोंडही बघावंसं वाटत नाही. तरी जातो, कारण जायला सांगितलेलं आहे, आणि सांगणारा कोण ते मला आता पक्कं माहीत आहे.

परवा गोळ्या हातात धरून काका तसेच बसले. म्हातारपणानं आणि आजारानं आवाज बसला आहे, म्हणून मी उजवा कान त्यांच्याकडे केला.

“मास्तर,” ते म्हणाले, “आईच्या बाबतीत तुमी मला माफ केलं का?”

“न्हाई, काका,” मी म्हणालो. “अजून न्हाई झालं मह्याकडून. रोज मागायलोय. तुमी गोळी घ्या, मला शाळेला उशीर व्हायलाय.”

काकांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, आणि मी न सांगताच तोंड उघडून दाखवलं.